सोनवणे काकांचा गळ

आमच्या सोसायटीत मासे खाणारी घरं पुष्कळ आहेत. रविवारी सकाळी जिन्यात नुसतं उभं राहिलं तरी कोणाकडे काय शिजतंय ते कळतं. पण मासे पकडायच्या साहित्यावर अधिकारवाणीने बोलणारा अख्ख्या इमारतीत एकच माणूस, आणि तो अंडंसुद्धा खात नाही. ते म्हणजे माझ्या समोरच्या दारातले सोनवणे काका.

काका अंबडच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात होते. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल पांघरली, तेव्हा त्यांनी ती व्यासपीठावरच उलटी करून पाहिली आणि साहेबांना विचारलं, "ही कोणाकडून घेतली?" हे मी ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. पण काकांना ओळखणारा कोणीही ते खोटं म्हणणार नाही. तीन ठिकाणी चौकशी केल्याशिवाय वस्तू घेणं म्हणजे त्यांच्या लेखी चोरीच्या खालोखालचा गुन्हा. नाशिक रोडच्या बाजारात ते कोथिंबिरीची जुडीसुद्धा तिघांकडे पाहत, आणि पसंत पडलेली जुडी घ्यायला परत जावं तर ती कोणीतरी नेलेली असे. मग काका रिकाम्या पिशवीने पण समाधानी चेहऱ्याने घरी येत. काकू सटाण्याकडच्या. एरवी त्या आपल्यासारखंच बोलतात, पण राग आला की माहेरची अहिराणी बाहेर पडते. "काय करी ऱ्हायनात तुम्ही! आमटीवर काय टाकू मी, तुमची चौकशी?" हे वाक्य मी दोन बंद दारांतून ऐकलेलं आहे.

त्यांचा मुलगा प्रशांत बंगळूरला असतो. त्याने लग्न स्वतःच ठरवलं. सून गुणी, हसरी. काकांना ती मनापासून आवडली, तरी लग्नाच्या पंगतीत माझ्या कानाशी लागून ते म्हणालेच, "मुलगी उत्तम आहे हो. फक्त सिंगल टेंडर झालं."

काकांचं आणखी एक तत्त्व होतं, आणि या सगळ्या हकिगतीचं मूळ त्यातच आहे. "वापरणाऱ्याला कधी विचारायचं नाही," ते म्हणत. "वापरणाऱ्याला विचारलं की खरेदी होत नाही, हट्ट होतो." याच तत्त्वावर त्यांनी एकदा कारखान्यातल्या कामगारांसाठी हातमोजे निवडले. अतिशय टिकाऊ, जाड, विस्तवातही न जळणारे. अडचण एवढीच, की ते घातल्यावर हातात नट धरता येत नसे. कामगारांनी ते घरी नेले आणि थंडीत मोटारसायकल चालवताना वापरले. काका आजही सांगतात, "मोजे ए वन होते. माणसं चुकीची होती."

त्यांची नात तन्वी दुसरीची परीक्षा देऊन सुट्टीत आजी-आजोबांकडे आली होती. चारच दिवस राहिली. जायच्या आदल्या दिवशी ती गॅलरीत उभी राहून आईशी फोनवर बोलत होती आणि काका आत पेपर वाचत होते. "मम्मा, इथे करायला काहीच नाहीये," पोर म्हणाली. "आबा दिवसभर वस्तू बघतात आणि घेत नाहीत."

काकांनी पेपर खाली ठेवला नाही, पण पुढे किती वेळ पानही उलटलं नाही, असं काकू सांगतात. त्यांना ते फार लागलं. संध्याकाळी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी ती यायला नको म्हणाली तर?" मी शिक्षिका. मुलं असं बोलतात आणि विसरतात, असं मी सांगितलं. काकांनी ते ऐकलं नाही. त्यांना आठवलं, की सिन्नरला जाताना दारणेच्या पुलावर तन्वीने गाडीच्या काचेला नाक लावलं होतं. खाली काठावर एक माणूस गळ टाकून बसला होता. "तो काय करतोय?" असं तिने विचारलं होतं आणि पूल संपेपर्यंत मान वळवून पाहिलं होतं. तेवढ्यावर काकांनी ठरवलं. पुढच्या मे महिन्यात नातीला दारणेवर नेऊन मासे पकडायला शिकवायचं. पकडायचे आणि सोडायचे. त्यासाठी लहान मुलाला शोभेल असं उत्तम साहित्य घ्यायचं.

झालं! घोडं तिथेच पेंड खायला लागलं.

शालिमारकडे अस्लमभाईंचं दुकान आहे. गळ, दोरे, जाळी, काठ्या, शिशाच्या गोळ्या. तिथे काका आठवड्यातून दोनदा तरी जाऊ लागले. एकदा मला 'त्रयस्थ म्हणून' बरोबर नेलं. अस्लमभाईंनी लहान मुलांची म्हणून एक आखूड काठी काढून दिली. दोरा गुंडाळायचं चाक त्यावरच बसवलेलं होतं.

"याची गॅरंटी काय?" काकांनी विचारलं.

"काठीची देतो ना काका. माशाची कशी देऊ? तो काय माझ्याकडे कामाला हाय का?"

काकांना विनोद कळला नाही. त्यांनी काठी वाकवून पाहिली, डोळ्याशी धरून सरळ आहे का पाहिलं, आणि खिशातून व्हर्नियर काढलं. कारखान्यात स्क्रूची जाडी मोजतात ते. त्याने त्यांनी गळाचा आकडा मोजला. मग आकड्याच्या टोकाला जो उलटा काटा असतो त्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा नको. मुलाच्या बोटात गेला तर निघणार नाही." हे मात्र खरं होतं. अस्लमभाईंनी पक्कड घेऊन काटा दाबून दिला. काका म्हणाले, "आता माशाच्या तोंडातून निसटेल." अस्लमभाई म्हणाले, "तुम्ही सोडणारच हाय ना त्याला?" काका विचारात पडले आणि आम्ही रिकाम्या हाताने घरी आलो.

मग प्रश्न आला मुठीचा. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हातात काठीची मूठ किती जाड असावी? काका सोसायटीच्या बागेत व्हर्नियर घेऊन उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांच्या मुठी मोजू लागले. मुलांना मजा वाटली, त्यांनी रांग लावली. दोन आयांना मात्र ती वाटली नाही, आणि सोसायटीच्या ग्रुपवर 'बागेत मुलांची कसली मोजमापं चालली आहेत?' असा संदेश पडला. चेअरमन धावत आले. काकांनी त्यांचीही मूठ मोजली.

पुढच्या वर्षी उन्हाळा लागताच त्यांनी चाचणीसाठी अस्लमभाईंकडून एक काठी मागून आणली. पाण्यापर्यंत जायची काय गरज, फेक तर गच्चीवरूनही बघता येते, असं त्यांचं म्हणणं. समोर बादली ठेवली, तिच्यात दोरा पडायला हवा. पाण्याच्या टाकीवर चढून काकांनी पहिली फेक केली. दोरा बादलीवरून गेला, कठड्यावरून गेला, आणि शेजारच्या विंगच्या गच्चीवर जोशीकाकूंनी जुन्या लुगड्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या, त्या लुगड्यात आकडा अडकला. काकांना वाटलं मोठं काहीतरी लागलं, त्यांनी चाक फिरवायला सुरुवात केली. लुगडं निघालं. कुरडया निघाल्या. जोशीकाकू काठी घेऊन कावळे हाकायला बसल्या होत्या, त्या उठून लुगड्याच्या मागे धावल्या. काही काळ एका टोकाला काका आणि दुसऱ्या टोकाला जोशीकाकू असं चाललं. संध्याकाळी मी विचारलं, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "फेक चांगली आहे. दोराही तुटला नाही. दिशेचं बघावं लागेल." त्या वर्षी जोशीकाकूंनी आमच्या विंगमध्ये कोणालाच कुरडया दिल्या नाहीत.

तन्वी त्या मे महिन्यात आली नाही. तिला पोहण्याच्या शिबिराला घातलं होतं. फोन ठेवून काका म्हणाले, "बरंच झालं. अजून चाकाचा निर्णय व्हायचाय." आणि बराच वेळ ते मागून आणलेल्या काठीच्या चाकाला तेल देत बसले.

एव्हाना ही बातमी सोसायटीभर झाली होती. आमच्याकडे एखादी गोष्ट आनंदाची आहे असं दिसलं, की लगेच तिची समिती होते. दुसऱ्या वर्षी 'बाल मत्स्य छंद शिबीर' जाहीर झालं आणि साहित्य-निवडीचे प्रमुख म्हणून काकांना नेमलं. पालकांची सभा मी विसरणार नाही. एकीने विचारलं, याने एकाग्रता वाढते का, म्हणजे स्कॉलरशिपला उपयोग होईल का? एकाला गुलाबी आणि निळ्या अशा वेगळ्या काठ्या हव्या होत्या. एक जण म्हणाले, "आमच्या घरी चालत नाही. पण मुलाला सगळं आलं पाहिजे." ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते असं. मग कोणीतरी म्हणालं, गळ टोचला की माशाला दुखतं, मुलांच्या मनावर काय परिणाम होईल? सगळे गप्प झाले. रविवारी पापलेट तळणारेही गप्प झाले. शेवटी ठरलं, की गळाच्या जागी लोहचुंबक लावायचं, नदीच्या जागी फुगवायचा टब आणि माशांच्या जागी प्लास्टिकचे मासे. शिबीर क्लब हाउसमध्ये झालं. मुलांनी पहिल्या पाच मिनिटांत सगळे मासे काढले, मग टब उपडा केला आणि एकमेकांना भिजवलं. प्रत्येकाला प्रमाणपत्र मिळालं. माझ्या वर्गातल्या एका पोराने पुढे शाळेच्या अर्जात 'मत्स्यविद्येत विशेष प्रावीण्य' असं लिहिलं आणि त्याच्या वडिलांनी त्यावर सही केली.

काका त्या दिवशी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होते. मी जवळ गेले, तर म्हणाले, "या सगळ्यात तन्वी असती तर हसली असती, नाही?" त्यांना शिबिराचं सोयरसुतक नव्हतं. ते सगळं त्या एका पोरीसाठी चाललं होतं, हे मला तेव्हा नीट उमगलं.

पुढची वर्षं अशीच गेली. एकदा प्रशांतकडचे सगळे काश्मीरला गेले. एकदा सगळं जग घरात बसलं, तेव्हा तेही बसले. एकदा आली ती लग्नाला, उभ्या उभ्या. दर वर्षी काका 'बरंच झालं' म्हणत आणि निवड आणखी बारीक करत. दोरा ठरला. शिशाची गोळी ठरली. पाण्यावर तरंगणारं बूच लाल हवं की पिवळं, यावर एक पावसाळा गेला आणि लाल ठरलं. मुलाने बुडू नये म्हणून घालायचं फुगीर जाकीट ठरलं. आमिषाचाही अभ्यास झाला. गांडुळाला हात लावणं काकांना शक्य नव्हतं. मग गव्हाची कणीक, बाजरीचं पीठ आणि मक्याचं पीठ अशा तीन गोळ्या करून त्यांनी काकूंना विचारलं, यातली कोणती बरी? काकू म्हणाल्या, "मासाले विचारा!" म्हणजे माशालाच विचारा. काकांनी तो सल्ला तत्त्वात बसत नाही म्हणून सोडून दिला.

आणि मग, तन्वीची नववी झाली त्या मे महिन्यात ती खरंच आली. दोनच दिवसांसाठी. काकांनी त्याच्या आठवडाभर आधी अखेर खरेदी केली. अस्लमभाईंनी म्हणे दुकानात सगळ्यांना चहा पाजला.

दारणेवर आम्ही चौघं गेलो. काका, काकू, तन्वी आणि त्रयस्थ म्हणून मी. ऊन कलत होतं, पाणी बरंच खाली गेलं होतं. काकांनी सतरंजी अंथरली आणि एकेक वस्तू पिशवीतून काढून अशी मांडली, की जणू सत्यनारायण आहे. तन्वी उभी होती. ती आता काकूंपेक्षा उंच झाली होती. काकांनी तिला जाकीट घातलं. ते तिच्या गळ्यात लाळेऱ्यासारखं लटकलं. मग त्यांनी काठी दिली. सगळ्या सोसायटीच्या मुठी मोजून निवडलेली ती मूठ तिच्या मुठीत दिसेनाशी झाली. तिने काठी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली, परत डाव्यात घेतली, आणि चाकाचा दांडा शोधू लागली.

"उजव्या हाताने फिरव," काका म्हणाले.

"आबा, मी डावखुरी आहे."

काका माझ्याकडे वळले. "हे कधीपासून?"

"जन्मापासून," तन्वी म्हणाली. तिला हसू येत होतं, पण तिने ते दाबलं. फार समजूतदार पोर.

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं का कधी?" काकू म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, म्हणूनच ते जास्त लागलं.

काकांनी काठी परत घेतली. "हे बदलून घेऊ," ते घाईघाईने म्हणाले. "डाव्या हाताची मिळते. मोठी घेऊ. मी उद्यापासून चौकशीला लागतो. पुढच्या मेपर्यंत…"

"पुढच्या मेचं काय माहीत आबा. सोमवारपासून दहावीची बॅच सुरू होतेय. म्हणून तर दोनच दिवस आले."

पलीकडच्या काठावर कोणीतरी म्हशी धूत होतं. मला फार वाईट वाटलं. एवढी वर्षं ज्या मुलीसाठी हा माणूस काठ्या वाकवून पाहत होता, ती मुलगी केव्हाच मोठी होऊन गेली होती, आणि ते सगळ्यांना दिसत होतं, फक्त त्यांना नाही. त्यांच्यावर हसायची मला इतकी सवय झाली होती, की त्या क्षणी काय करावं ते सुचेना.

तन्वी जाकीट काढून सतरंजीवर बसली. "आबा, तुम्ही कधी मासा पकडलाय?"

"मी?"

"हो. तुम्ही."

काकांनी पाण्याकडे पाहिलं. "नाही."

"एकही?"

"पकडायचं माझं काम नव्हतं. माझं काम निवडायचं."

"मग मला शिकवणार कोण?" ती म्हणाली. तिने त्यांचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं. "तुम्ही आधी शिका ना. माझी परीक्षा झाली की मी येते. तेव्हा मला दाखवा. आणि माझी काठी आत्ता घेऊन ठेवू नका. मी आले की दोघं जाऊन घेऊ. मला हातात धरून बघायचीय."

काका "बरं" म्हणाले. मी त्यांच्या तोंडून तो शब्द त्याआधी कधी ऐकला नव्हता.

पावसाळा संपल्यावर मी एकदा शालिमारकडे गेले होते, तर अस्लमभाईंनी हाक मारली. "मॅडम, तुमचे काका बरे हायेत ना?"

"का हो?"

"परवा आले. म्हणाले, मोठ्या माणसाची काठी दे. मी म्हटलं कोणती देऊ, तर म्हणाले कोणतीही दे. व्हर्नियर नाय काढलं, वाकवून नाय पाहिली. घेतली आन् गेले. मला वाटलं तब्येत बिघडली."

तब्येत उत्तम होती. आठवड्यातून तीन-चारदा काका पहाटेच बसने दारणेवर जायला लागले. बरोबर कणकेचा गोळा. काकू कुरकुरत का होईना, पण दर वेळी तो मळून देत. सुरुवातीला दोरा बाभळीत अडकायचा, स्वतःच्या स्वेटरला अडकायचा. मासा काही मिळायचा नाही. संध्याकाळी तन्वीचा फोन आला की पहिला प्रश्न तोच, आणि काकांचं उत्तर तेच. पण फोन मात्र रोज यायला लागला होता. एकदा काकूंनी जिन्यात थांबवून मला सांगितलं, "आजकाल तीच फोन करते हो. आम्हाला लावावा लागत नाही." सांगताना त्यांचे डोळे भरले होते.

जानेवारीतला रविवार होता. मी सिन्नरहून परतत होते, पुलावरून खाली कानटोपी घातलेले काका दिसले, म्हणून स्कूटर लावून उतरले. ते पाण्याशी बसले होते, फोन एका दगडाला टेकवून ठेवला होता. फोनमध्ये तन्वी. पुढ्यात पुस्तकं, तोंडात पेन. ती अभ्यास करत होती आणि हे गळ धरून बसले होते. दोघंही काहीच बोलत नव्हते. मी आले ते काकांनी पाहिलं आणि गप्प राहायची खूण केली. मासा बिचकेल म्हणून, की पोर बिचकेल म्हणून, ते मी विचारलं नाही.

मी मागे दगडावर बसले. थोड्या वेळाने बूच एकदम खाली गेलं. काका उठले, काठी उचलली, चाक फिरवायचं विसरून काठी घेऊनच मागे मागे चालत आले, आणि दोऱ्याच्या टोकाला चांदीसारखा मासा तडफडत गवतात पडला. काकांनी त्याला हातात धरलं. आयुष्यात पहिल्यांदा. "तन्वी! अगं बघ! बघ!"

फोनच्या पडद्यावर नुसतं गोल गोल फिरत होतं. रेंज गेली होती.

"तन्वी!" काका ओरडले. मासा तोंड उघडत होता, मिटत होता. त्यांनी फोनकडे पाहिलं, माशाकडे पाहिलं.

"थांबा काका, मी फोटो काढते," म्हणून मी पर्स उघडली.

"नको," ते म्हणाले. "तोवर याचा जीव जाईल." त्यांनी आकडा काढला, गुडघ्यावर बसले आणि मासा हळूच पाण्यात सोडला. तो क्षणभर तिथेच थांबला आणि मग गेला.

तेवढ्यात फोन बोलायला लागला. "आबा! हॅलो! काय झालं? मिळाला का?"

"मिळाला होता."

"दाखवा ना!"

"सोडला."

"मी बघायच्या आधीच?" पलीकडे पेन आपटल्याचा आवाज आला. मग जरा वेळाने, हळूच, "केवढा होता?"

काकांनी आयुष्यभर स्क्रूची जाडी मोजली. हा मासा माझ्या तळहातात मावला असता. ते फोनसमोर उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. थांबले, विचार केला, आणि आणखी थोडे पसरले.

"खोटं!" तन्वी किंचाळली. ती एवढ्या जोरात हसत होती, की फोन दगडावरून घसरला. मी तो धरला.

"खोटं वाटत असेल तर ये आणि बघ," काका म्हणाले.

"येतेच. शेवटचा पेपर झाला की त्याच दिवशी निघते. मावशी, तुम्ही होतात ना तिथे? खरं सांगा. एवढा होता?"

काका माझ्याकडे पाहत होते. हात अजून पसरलेलेच होते.

"त्याहून जरा मोठाच," मी म्हटलं.